वर्षाचा एक डॉलर, दहा वर्षांचा शब्द



एखाद्या अनाथ किंवा दिव्यांग मुलाचा खर्च उचला, असं आवाहन आपल्यापर्यंत नेहमी येतं. मुलाचा फोटो असतो, महिन्याची रक्कम असते, खाते क्रमांक असतो. ही पद्धत आजची वाटते, पण आपल्याकडे ती सव्वाशे वर्षांहून जुनी आहे. आणि तिची गोष्ट आपल्या बचत गटाच्या फार जवळची आहे.

पंडिता रमाबाई १८८६ साली अमेरिकेला गेल्या. आनंदीबाई जोशी तिथं डॉक्टर होत होत्या, त्या समारंभासाठी. मग त्या तिथंच राहिल्या आणि शहराशहरांतून बालविधवांच्या शाळेसाठी बोलल्या. डिसेंबर १८८७ मध्ये बोस्टनला ‘रमाबाई असोसिएशन’ स्थापन झाली. ठिकठिकाणी तिची मंडळं निघाली. सभासदानं वर्षाला निदान एक डॉलर द्यायचा आणि दहा वर्षं देत राहायचं, असं ठरलं.

यातली दहा वर्षं महत्त्वाची. एकदाच आलेल्या मोठ्या देणगीतून इमारत उभी राहते. पण रोजची भाकरी, शिक्षिकेचा पगार, आजारपणाचं औषध हे सगळं दर वर्षी न चुकता येणाऱ्या पैशावर चालतं. आपल्या गटाची ताकदही शंभर रुपयांत नसते, ते दर महिन्याला येतात यात असते.

त्या जोरावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झालं. पुढच्या वर्षी ते पुण्याला आलं. तिथली पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई. पुढे महर्षी कर्व्यांशी पुनर्विवाह झालेल्या आनंदीबाई, म्हणजे बाया कर्वे, त्या याच.

पण पैशाबरोबर एक अवघड प्रश्नही आला. शाळेत धर्माचा प्रचार होणार नाही, असं ठरलेलं होतं. रमाबाई स्वतः ख्रिस्ती झालेल्या होत्या आणि काही मुली त्यांच्या प्रार्थनेला बसू लागल्या. त्यावरून पुण्यात वादळ उठलं. १८९३ मध्ये न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर ही सल्लागार मंडळी बाहेर पडली. अनेक पालकांनी मुली घरी नेल्या. आपल्या खोलीत कुणी प्रार्थनेला आलं तर मी दार लावणार नाही, अशी रमाबाईंची भूमिका होती. लोकांना भरवसा मोडल्यासारखं वाटलं. बरोबर कोण, यावर आजही दोन मतं आहेत. नुकसान मात्र शाळा सुटलेल्या मुलींचं झालं.

१८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो निराधार मुली, बायका घेऊन आल्या. दौंडजवळ केडगावला मुक्ती सदन उभं राहिलं. तिथं अंध मुलीही होत्या. रमाबाईंची मुलगी मनोरमाबाई हिनं त्यांना ब्रेल लिपी शिकवली. ज्यांना बाहेर कुणी अक्षरओळखही दिली नसती, त्या मुली बोटांनी वाचू लागल्या. १८९८ मध्ये ठरलेली दहा वर्षं भरली, तेव्हा रमाबाई पुन्हा अमेरिकेला गेल्या आणि केलेल्या कामाचा हिशोब देणाऱ्यांपुढं मांडला.

मैत्रिणींनो, आज पैसे देताना आपणही तीनच गोष्टी विचाराव्यात. संस्था नोंदणीकृत आहे का आणि हिशोब दाखवते का? मदत किती वर्षं चालणार? आणि त्या बदल्यात मुलाकडून काय अपेक्षा आहे? मदत घेतली म्हणून मुलानं आपला धर्म, आपलं नाव किंवा आपली लाज दुसऱ्याच्या हाती द्यायची नसते. त्याचा फोटो गावभर फिरवणं हीसुद्धा किंमतच झाली.

आणखी एक. तेव्हा मुलाला संस्थेत न्यावं लागे. आजचा कायदा सांगतो की मूल शक्यतो कुटुंबातच वाढावं, संस्था हा शेवटचा पर्याय. म्हणून सरकारची बालसंगोपन योजना आहे. आता तिला क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांचं नाव आहे. पात्र मुलाला त्यात महिन्याला २,२५० रुपये मिळतात. आई किंवा वडील गेलेली मुलंही त्यात बसू शकतात. अर्जाची चौकशी जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयात होते.

आपल्या आळीत नवरा गेलेली, पदरात लहान मुलं असलेली बाई कोण, हे आपल्याला ठाऊक असतं. तिच्या सोबत कागद घेऊन त्या कार्यालयात जाणं, हेही पालकत्वच आहे. गटाच्या पुढच्या बैठकीत हा विषय घ्या.