पदवीधरांची पहिली तुकडी

चाळिशी-पन्नाशीच्या आसपास जुने वर्गमित्र एकत्र जमले की गप्पांचा ओघ ठरलेला असतो. कोण कुठे आहे, कुणाची बदली झाली, कुणाला बढती मिळाली, कुणाची हुकली, कुणी नोकरी सोडून धंदा काढला, कुणाच्या मुलीचे लग्न झाले. वर्गात पहिला येणारा आज कुठे आहे आणि मागच्या बाकावरचा कुठे, याचा हिशोबही हसत-हसत होतो. मी आयुष्यभर कॉलेजात इतिहास शिकवला. त्यामुळे अशा मैफलीत बसलो की मला हटकून एक जुनी तुकडी आठवते. आपल्याकडच्या पदवीधरांची ती अगदी पहिली तुकडी. त्यांच्याही आयुष्यात बदल्या, हुकलेल्या बढत्या आणि घरातले अवघड प्रसंग होते. त्यांचे पुढे काय झाले, ते आज सांगावे म्हणतो.

मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ सालची. त्या विद्यापीठाचे पहिले बी. ए. १८६२ साली बाहेर पडले. ते होते फक्त चौघे : महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक. आज एकेका कॉलेजातून दरवर्षी शेकडो पदवीधर बाहेर पडतात. त्या वेळी अख्ख्या मुंबई इलाख्याचे पदवीधर एका घोडागाडीत बसले असते!

या चौघांपैकी वागळ्यांनी वकिलीची वाट धरली. मोडक शिक्षणखात्यात गेले आणि पुढे मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कूलचे प्रमुख झाले. हे चौघेही प्रार्थना समाजाच्या कामात होते, म्हणजे कॉलेज सुटले तरी सोबत सुटली नाही. रानडे आणि भांडारकर यांची नावे मात्र आज शाळकरी मुलालाही ठाऊक आहेत. ठाऊक नसते ते हे, की या दोघांचा प्रवास आपण समजतो तितका सरळ झाला नाही.

भांडारकर मूळचे मालवणचे, शिक्षण रत्नागिरी आणि मुंबईत. पदवीनंतर १८६४ साली ते सिंधमधल्या हैदराबादला शाळेचे हेडमास्तर म्हणून गेले आणि दुसऱ्या वर्षी रत्नागिरीला आले. त्याच काळात त्यांनी विद्यार्थ्यांसाठी संस्कृतची पाठ्यपुस्तके लिहिली. त्या पुस्तकांवर कित्येक पिढ्यांनी संस्कृतचा श्रीगणेशा गिरवला. पुढे एल्फिन्स्टन कॉलेजात त्यांना संस्कृतच्या प्राध्यापकाची हंगामी जागा मिळाली. काम चोख होते, नाव होत होते. आता कायम होणार असे वाटत असताना १८७३ साली त्या जागेवर पीटर पीटरसन यांची नेमणूक झाली. पीटरसन स्कॉटलंडचे, वयाने भांडारकरांहून दहा वर्षांनी लहान. आणि भांडारकरांच्या वाट्याला आले त्यांच्या हाताखालचे साहाय्यकपद.

नोकरी केलेल्या माणसाला हा प्रसंग समजावून सांगावा लागत नाही. छत्तिशीतला माणूस, विषयात कुणाला हार न जाणारा, आणि डोक्यावर बाहेरून आणलेला तरुण वरिष्ठ. भांडारकरांनी राजीनामा फेकला नाही आणि कामही ढिले केले नाही. कोरीव लेख, ताम्रपट, जुनी हस्तलिखिते यांत ते अधिकच बुडाले. सरकारसाठी हस्तलिखिते शोधण्याचे काम पीटरसन यांनी केले, तसे भांडारकरांनीही केले. १८८२ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजात कीलहॉर्न यांच्या जागी ते कायम झाले, तेव्हा पंचेचाळिशीला आले होते. दोनच वर्षांनी, १८८४ साली, त्यांचा दख्खनच्या प्राचीन इतिहासावरचा ग्रंथ निघाला. १८८५ मध्ये जर्मनीतल्या गटिंगन विद्यापीठाने त्यांना डॉक्टरेट दिली. मुंबईत जी खुर्ची नाकारली गेली, तिच्याहून मोठा मान परदेशातून चालत आला.

रानड्यांची गोष्ट निराळी. पदवीनंतर त्यांनी एम. ए. आणि एलएल. बी. केले, संस्थानांत नोकरी केली आणि एल्फिन्स्टन कॉलेजात शिकवले. १८७१ साली, तिशी गाठण्याच्या आधीच, त्यांनी शिक्षकी पेशा सोडला आणि पुण्याला सबजज्ज म्हणून आले. पुण्यात कोर्ट सुटल्यावर त्यांचा दुसरा दिवस सुरू होई. सार्वजनिक सभा, वसंत व्याख्यानमाला, दुष्काळाची पाहणी, शेतकऱ्यांच्या कर्जाचा अभ्यास. सभेचे त्रैमासिक १८७८ साली निघाले. त्यातले कितीतरी लेख रानड्यांचे, पण सरकारी नोकर असल्याने खाली नाव नसे.

सरकारच्या डोळ्यांत हे सलू लागले. १८७८ साली त्यांची बदली नाशिकला झाली. पुढच्याच वर्षी वासुदेव बळवंत फडक्यांचे बंड झाले, पुण्यात बुधवारवाडा आणि विश्रामबागवाडा यांना आगी लागल्या, आणि रानड्यांना तातडीने धुळ्याला धाडण्यात आले. तिथे त्यांची पत्रे फोडून वाचली जात. रमाबाई रानड्यांच्या आठवणींत त्या दिवसांचे वर्णन आहे, ते मुळातूनच वाचावे. बंडाशी संबंध नसलेल्या, कायद्याच्या चौकटीत काम करणाऱ्या न्यायाधीशाला अशी वागणूक मिळाली. संशय फिटल्यावर १८८१ मध्ये त्यांना मुंबईत आणले गेले.

आता घरातली बाजू. ती सोयीची नाही, पण टाळून चालणार नाही. रानडे विधवाविवाहाच्या चळवळीत होते. १८७३ साली त्यांची पहिली पत्नी वारली. तेव्हा ते एकतीस वर्षांचे. हा माणूस आता एखाद्या विधवेशी लग्न करील, अशी सगळ्या सुधारकांची अपेक्षा होती. वडिलांना तीच भीती होती. वडिलांच्या आग्रहापुढे रानडे नमले आणि अकरा वर्षांच्या मुलीशी त्यांचे लग्न झाले. त्यांच्यावर टीका झाली आणि ती रास्तच होती. त्या मुलीला त्यांनी लिहा-वाचायला शिकवले, सभेत बोलण्याइतके धीट केले. पुण्याच्या सेवासदनाच्या उभारणीत पुढाकार घेणाऱ्या रमाबाई त्या ह्याच. म्हणून १८७३ चा दोष पुसला जातो असे मी म्हणणार नाही. चूक मागे घेता येत नाही. तिच्यानंतर कसे वागायचे एवढेच हाती उरते, आणि रानड्यांनी ते केले.

भांडारकरांवर तशीच कसोटीची वेळ १८९१ साली आली. त्यांची मुलगी विधवा झाली होती. त्यांनी तिचा पुनर्विवाह लावून दिला आणि ज्ञातीचा रोष पत्करला. त्याच वर्षी संमतिवयाच्या कायद्यावरून सारा महाराष्ट्र पेटला होता. त्या वादात भांडारकर धर्मशास्त्राचे आधार काढून कायद्याच्या बाजूने उभे राहिले. तेव्हा ते त्रेपन्न-चौपन्न वर्षांचे होते. आपल्यातले बरेच जण त्या वयात वाद नको, म्हणतात. दोघे एकाच वर्गातले, एकाच समाजाचे सभासद, मते सारखी. पण घरावर प्रसंग आला तेव्हा एकाचे पाऊल अडखळले आणि दुसऱ्याचे पडले.

मग आले १८९३ साल. मुंबई हायकोर्टाचे न्यायमूर्ती आणि विद्यापीठाचे कुलगुरू काशिनाथ त्र्यंबक तेलंग सप्टेंबरमध्ये वारले. वय अवघे त्रेचाळीस. तेही एल्फिन्स्टनचेच, रानड्यांहून आठ वर्षांनी लहान. त्यांच्या जाण्याने दोन जागा रिकाम्या झाल्या. हायकोर्टातल्या जागेवर रानडे गेले आणि कुलगुरुपद भांडारकरांना मिळाले. ज्या विद्यापीठाच्या पहिल्या चार पदवीधरांत आपण होतो, त्याचेच कुलगुरू होण्याचा योग! पण ही आनंदाची बातमी दोन्ही घरांत आली ती एका तरुण मित्राच्या मरणाचा हात धरून. उतारवयाकडे झुकताना बातम्या अशाच येतात, एकीच्या पदराला दुसरी बांधलेली.

पुढची गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. रानड्यांचा मराठ्यांच्या सत्तेच्या उदयावरचा ग्रंथ १९०० साली निघाला. त्यापुढचा भाग लिहायचा होता. १६ जानेवारी १९०१ रोजी ते गेले; साठी दूरच, एकोणसाठ वर्षेही पुरी व्हायला दोन दिवस कमी होते. निवृत्तीनंतरचा निवांत वेळ त्यांच्या नशिबी आलाच नाही. त्यांनी जे केले ते सगळे नोकरीत असताना, कोर्टाच्या आधी आणि कोर्टानंतर. अर्थशास्त्रावरचे निबंध, औद्योगिक परिषद, सामाजिक परिषद, यांतले काहीही त्यांनी ‘पेन्शनीत गेल्यावर बघू’ म्हणून ठेवले असते तर आज आपल्या हाती काही उरले नसते.

भांडारकर मात्र १८९३ साली निवृत्त झाले आणि त्यानंतर बत्तीस वर्षे जगले. वैष्णव, शैव आणि इतर पंथांवरचा त्यांचा ग्रंथ १९१३ सालचा, म्हणजे वयाच्या पंचाहत्तरीनंतरचा. ६ जुलै १९१७ रोजी, त्यांच्या ऐंशिव्या वाढदिवशी, पुण्यात त्यांच्या नावाची प्राच्यविद्या संशोधन संस्था सुरू झाली. त्यांनी आपला ग्रंथसंग्रह तिला दिला. डेक्कन कॉलेजात ठेवलेली सरकारी हस्तलिखिते पुढच्या वर्षी तिथे आली. पीटरसन यांनी आणि भांडारकरांनी वेगवेगळ्या वाटांनी फिरून मिळवलेल्या पोथ्या अशा एका छपराखाली आल्या. जागेवरून झालेला जुना अन्याय तोवर कुणाच्या लक्षातही राहिला नसेल.

एका वर्गातून निघालेल्यांना काळ सारखा मिळत नाही. एकाला निवृत्तीनंतरचा एक दिवस मिळाला नाही, दुसऱ्याला बत्तीस वर्षे मिळाली. आपल्या वाट्याला यांतले काय आहे ते कुणालाच आधी कळत नाही. म्हणून जुने मित्र भेटतील तेव्हा पगार आणि पद विचारून झाल्यावर आणखी एक प्रश्न जरूर विचारावा : नोकरी सुटली की करीन म्हणून तू जे ठेवले आहेस, ते सुरू कधी करतोस?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)