पाताळातील भूकंप

भूकंपाचा उगम जमिनीखाली फार खोल असणे शक्य नाही, अशी विसाव्या शतकाच्या आरंभी बहुतेक शास्त्रज्ञांची समजूत होती. खाली उष्णतेने व दाबाने खडक मऊ पडतात. ते तुटावेत कसे? इ. स. १९२२ मध्ये ऑक्सफर्डचे ज्योतिर्विद एच. एच. टर्नर यांनी, काही भूकंपांच्या लहरी दूरच्या वेधशाळांत अपेक्षेआधी पोचतात, यावरून त्यांचा उगम शेकडो किलोमीटर खोल मानला. परंतु त्या काळच्या वेधशाळांची घड्याळे सर्वत्र विश्वासार्ह नव्हती. हेरल्ड जेफ्रीज यांच्यासारख्या विद्वानास ते पटले नाही.

तोकियोच्या मध्यवर्ती हवामान वेधशाळेतील कियू वादाती या तरुणाने १९२८ मध्ये निराळी वाट धरली. भूकंपात आधी दाबाची जलद लहर येते, मागाहून आडव्या कंपाची मंद लहर. उगम उथळ असेल, तर त्याच्या माथ्यावरील ठाण्यात दोहोंमध्ये थोड्याच सेकंदांचे अंतर पडते. काही जपानी भूकंपांत मात्र सर्वांत जवळच्या ठाण्यातही ते अंतर फार मोठे भरे. दोन्ही लहरी एकाच कागदावर उमटतात. घड्याळ चुकले तरी वजाबाकी चुकत नाही! उगम तीनशे किलोमीटरांहून खोल ठरला.

पुढे १९३५ मध्ये त्यांनीच दाखविले की, हे उगम जपानखालून आशियाकडे उतरत जाणाऱ्या तिरप्या पट्ट्यात आहेत. २४ मे २०१३ रोजी ओखोट्स्क समुद्राखाली सुमारे सहाशे किलोमीटरांवर झालेला हादरा मॉस्कोतही जाणवला. तेथे खडक तुटतो कसा, यावर मात्र अद्याप एकमत नाही.