बोध, मेवा आणि आनंद

मराठी मुलांसाठी निघालेल्या मासिकांची नावे एकाखाली एक लिहून पाहावीत. १८७३चा ‘बालबोधमेवा’, १८८१चा ‘बालबोध’, १९०६चा ‘आनंद’, १९५१चा ‘बालमित्र’, १९७१चा ‘किशोर’. आधी बोध, फार तर त्याला थोडा मेवा लावलेला. मग पंचवीस वर्षांनी एकदम आनंद. मोठ्या माणसांना मुलांच्या वाचनाकडून काय हवे होते, ते या नावांतच दिसते. मी कुठल्या विद्यापीठातला संशोधक नाही. जुन्या अंकांच्या नादाने गावोगावची वाचनालये हिंडत आलो, एवढीच माझी पात्रता. या हिंडण्यात एक प्रश्न सोबत राहिला. परीक्षेत येणार नाही, कोणी विचारणार नाही, तरी मुलाने केवळ मौजेखातर पुस्तक घेऊन लोळत पडावे, हे आपल्याकडे कधीपासून चालू लागले? आणि ते उन्हाळ्याच्या सुटीशीच का बांधले गेले?

सुरुवात १८२८पासून करावी लागते. त्या वर्षी सदाशिव काशीनाथ ऊर्फ बापू छत्रे यांची ‘बाळमित्र’ आणि ‘इसपनीतिकथा’ ही पुस्तके आली. ‘बाळमित्र’चे मूळ फ्रेंच. आर्नो बर्कां याने १७८२ आणि १७८३ अशी दोन वर्षे पॅरिसमध्ये मुलांसाठी एक मासिक चालवले होते. घरातल्या गोष्टी, मुलांनी घरच्यांसोबत बसवायच्या छोट्या नाटिका असा त्याचा ऐवज. म्हणजे मूळ वस्तू घरातली, फावल्या वेळातली. ती इंग्रजीमार्गे मराठीत आली तेव्हा मात्र शाळेच्या दारातून आली. छत्रे मुंबईतल्या शाळापुस्तक मंडळीचे काम पाहत होते आणि मराठी छापील पुस्तकाला तेव्हा शाळेबाहेर गिऱ्हाईक जवळपास नव्हतेच. यात छत्र्यांचा दोष काढण्यात अर्थ नाही. पण घरगुती करमणुकीचे पुस्तक आपल्याकडे पहिल्याच पावलाला क्रमिक झाले, आणि ती सवय पुढे सुटता सुटली नाही.

विनायक कोंडदेव ओक यांचा ‘बालबोध’ याच सवयीचा सर्वांत देखणा नमुना. ओक शिक्षणखात्यातले. एकट्याच्या बळावर त्यांनी तीन दशकांहून अधिक काळ हे मासिक चालवले आणि त्यात थोरामोठ्यांची शेकडो चरित्रे लिहिली. त्यांची भाषा आजही वाचावी अशी आहे. इतकी स्वच्छ, आटोपशीर मराठी आजच्या बालसाहित्यात क्वचितच सापडेल. तरीही ते अंक चाळताना समोर मास्तर बसले आहेत हे विसरता येत नाही. वासुदेव गोविंद आपट्यांनी ‘आनंद’ काढला तेव्हा उपदेश संपला असे नव्हे, तो तिथेही आहे. पण नावातच आनंद लिहिल्यावर संपादकाला दर महिन्याला त्या नावाचा हिशेब द्यावा लागतो, आणि आपट्यांनी तो बऱ्यापैकी दिला.

आता सुटी. मासिक महिन्याला येते खरे, पण मुले ते महिन्याला वाचत होती असे मला वाटत नाही. शाळा चालू असताना घरात ‘आधी अभ्यास’. अंक वर्षभर साठायचे, कोणीतरी त्यांचा खंड बांधून घ्यायचे, आणि तो खंड आजोळी माळ्यावर किंवा फडताळात जाऊन पडायचा. मे महिन्यात ऊन चढले, की जेवणानंतर वडील माणसे आडवी होत; ‘उन्हात जाऊ नका, आवाज करू नका’ एवढीच आज्ञा. त्या तीन तासांत मुलांच्या वाचनावर कोणाचीही देखरेख नसे. दिवाळी अंकही असेच. मोठ्यांचे दिवाळी अंक वाचनालयात नंबर लागत लागत मुलांच्या हाती पडायचे ते आंबे पिकायच्या सुमारास. मौजेचे वाचन आपल्याकडे कोणी योजनापूर्वक सुरू केलेले नाही. मोठ्यांच्या दुपारच्या झोपेने ते वाढवले.

योजनापूर्वक विचार केला तो बडोद्याच्या सयाजीरावांनी. १९०६मध्ये त्यांनी संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, आणि शिकलेले टिकायचे तर शाळेबाहेर पुस्तक हवे हे त्यांच्या ध्यानात आले. १९१०मध्ये अमेरिकेतून बोर्डन नावाचे ग्रंथपाल आणवले, पुस्तकांच्या लाकडी पेट्या खेड्यांत फिरू लागल्या, मध्यवर्ती ग्रंथालयात मुलांसाठी वेगळा विभाग झाला. मुंबई इलाख्यातल्या आपल्या वाचनालयांत त्या काळी मूल म्हणजे वडिलांचे पुस्तक बदलायला आलेला निरोप्या.

१९५१मध्ये भा. रा. भागवतांनी ‘बालमित्र’ काढले तेव्हा छत्र्यांचे नाव सव्वाशे वर्षांनी परत आले, पण आता मित्र खरोखर मित्र होता. पुढे भागवतांनी ज्यूल व्हर्न मराठीत आणला, फुरसुंगीचा बनेश फेणे सायकलवर बसवला. फास्टर फेणे कोणाला काही शिकवत नाही. त्याच्यामागे धावताना दम लागतो, एवढेच. १९५२पासून मराठीत ‘चांदोबा’ही आला, आणि १९७१च्या नोव्हेंबरात बालभारतीने ‘किशोर’ सुरू केला. पाठ्यपुस्तके छापणाऱ्या संस्थेनेच अवांतर वाचनाचे मासिक काढावे, ही मला छत्र्यांच्या उधारीची उशिरा झालेली फेड वाटते.

आणि आता? पंधरा ऑक्टोबरला ‘वाचन प्रेरणा दिन’ होतो, ऐन शाळेच्या दिवसांत, बहुधा गणवेशात. सुटीसाठी शाळा पुस्तकांची यादी देतात, वाचलेल्या पुस्तकाचा सारांश लिहून आणायला सांगतात. वहीत सारांश लिहायचा म्हटल्यावर मूल पातळ पुस्तक शोधते. मीही तेच केले असते. भरीला, बहुतेक छोटी वाचनालये सकाळ-संध्याकाळ उघडी असतात आणि दुपारी बंद, म्हणजे नेमक्या त्या तीन तासांत. ग्रंथपालाचे मानधन पाहता दुपारीही बसा असे त्यांना कोणत्या तोंडाने सांगावे?

आमच्या गावच्या वाचनालयात गेल्या मे महिन्यात दुपारी एक ते चार मीच किल्ली घेऊन बसलो. ‘किशोर’चे जुने खंड टेबलावर ठेवले, नोंदवही मिटून कपाटात. पहिल्या आठवड्यात चार मुले आली. त्यांतली दोघे पंख्यासाठी आली होती, हे त्यांनीच सांगितले. तिसऱ्या आठवड्यात त्या दोघांत १९७८च्या खंडावरून भांडण झाले आणि खंडाची शिवण उसवली. ती मी अजून शिवून घेतलेली नाही. पुढच्या मेपर्यंत घ्यायला हवी.