बोटांपर्यंतची वाट

मानेच्या मणक्याला दुखापत होऊन ज्यांचे हातपाय गेले, अशा माणसांना अमेरिकेतील एका पाहणीत विचारण्यात आले होते : काय परत मिळाले तर तुमचे आयुष्य सर्वांत अधिक सुधारेल? आपण धडधाकट माणसे चटकन म्हणू, चालणे. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीत जवळजवळ निम्म्यांनी पहिला मान दिला तो हातांना. आपला घास आपण तोंडात घालावा, सदऱ्याची गुंडी लावावी, पुस्तकाचे पान उलटावे, एवढेच. हे वाचल्यापासून, मेंदूला बाहेरून चेतवून हात हालविण्याच्या खटपटीचा इतिहास मी मिळेल तेथून वाचीत आलो आहे.

त्याचा आरंभ मोठा शुभ आहे असे नाही. १८७० साली बर्लिनमध्ये फ्रिट्श आणि हिट्झिग यांनी कुत्र्याच्या उघड्या मेंदूला विजेचा हलका स्पर्श केला, तो विरुद्ध बाजूचा पाय हालला. चारच वर्षांनी सिनसिनाटीच्या रॉबर्ट्स बार्थोलो या डॉक्टराने तेच माणसावर केले. मेरी रॅफर्टी ही मोलकरीण. डोक्यावर कर्करोगाचे क्षत पडून तिची कवटी झिजली होती, मेंदू दिसत होता. डॉक्टराने तेथून सुया आत घातल्या आणि वीज सोडली. उलट्या बाजूचा हात हालला, बोटे ताणली गेली. त्याने प्रवाह वाढविला. ती रडू लागली. मग आचके आले, शुद्ध गेली. थोड्याच दिवसांत ती वारली. सहव्यवसायिकांनी डॉक्टराला दोष दिला, त्यानेही खेद प्रकट केला. पण ग्रंथांत नाव येते ते बहुधा त्याचेच. माझ्या मते ह्या शास्त्राच्या पहिल्या पानावर त्या मोलकरणीचे नाव असावयास हवे.

कवटी न उघडता हे साधावयास पुढे शंभरांवर वर्षे लागली. हाड विजेला अडविते. १९८० साली लंडनच्या मर्टन आणि मॉर्टन यांनी डोक्यावरून जोराचा क्षणिक झटका देऊन हात हालविला खरा, पण तो झटका फार दुखे. १९८५ साली शेफील्डच्या बार्कर, जलिनूस आणि फ्रीस्टन यांनी निराळी वाट काढली. तारेच्या वेटोळ्यातून क्षणभर प्रचंड प्रवाह सोडावयाचा. त्याचे चुंबकीय क्षेत्र हाडातून बिनहरकत जाते आणि मेंदूत आपली वीज आपण उत्पन्न करते. नियम फॅरडेचा, १८३१ सालचा! बोटे हालली, आणि दुखले जवळजवळ नाहीच.

पण निरोगी माणसाची बोटे हालविणे वेगळे आणि गेलेला हात परत आणणे वेगळे. येथे एक गोष्ट उपयोगी पडते. दुखापतीने मज्जारज्जू पुष्कळदा पुरता तुटत नाही. काही तंतू शिल्लक असतात, पण त्यांचा आवाज क्षीण झालेला असतो. सगळी आशा आहे ती त्यांच्यावर. २००४ साली इंग्लंडात अशा अवघ्या चार रुग्णांना चुंबकीय चेतना देऊन पाहिली. कोणत्या आठवड्यात खरी आणि कोणत्या आठवड्यात खोटी, अशी तुलनाही केली. खऱ्या उपचाराने सुधारणा दिसली. चारांवरून निष्कर्ष काढू नये, हे मीही जाणतो.

२०१२ साली पिट्सबर्गच्या बंडे आणि पेरेझ या दोघींनी वेळेचे मर्म पकडले. एक ठोका मेंदूला, दुसरा हाताच्या नसेला. मेंदूचा निरोप मज्जारज्जूतील पेशीपाशी एकदोन सहस्रांश सेकंद आधी पोहोचेल असा बेत. नऊ भोकांच्या फळीत नऊ खुंट्या बसवावयाची एक चाचणी आहे. ती रुग्णांना पूर्वीपेक्षा लवकर जमली. गुण तात्पुरताच होता. मग २०२० साली पेरेझ यांच्या गटाने १० बैठकांत ह्या जोडठोक्यांना व्यायामाची जोड दिली. सहा महिन्यांनी पाहिले तेव्हा खोट्या चेतनेबरोबर नुसता व्यायाम केलेल्यांचा लाभ ओसरला होता, जोडठोके मिळालेल्यांचा टिकला होता.