उज्ज्वल भविष्याची कमान

जपानच्या ईशान्य किनाऱ्यावर फुताबा नांवाचें एक लहानसें गांव आहे. १९८८ मध्यें या गांवाच्या रस्त्यावर एक कमान उभारण्यांत आली आणि तिच्यावर मोठ्या अक्षरांत एक घोषवाक्य लिहिण्यांत आलें. अणुशक्ति ही उज्ज्वल भविष्याची शक्ति आहे, असा त्याचा आशय होता. हें वाक्य प्राथमिक शाळेंत शिकणाऱ्या एका मुलानें सुचविलेलें होतें. गांवाजवळच्या अणुविद्युत्केंद्रानें तेथें रोजगार आणला होता व गांवाच्या तिजोरींत पैसा आणला होता. त्यामुळें मुलाच्या लेखणींतून उतरलें तें मोठ्या माणसांच्याहि मनांत होतें. तेवीस वर्षांनंतर त्याच कमानीचें गांव एका दिवसांत रिकामें झालें, आणि पुढें अकरा वर्षेंपर्यंत तेथें कोणालाहि आपल्या घरीं परत राहावयास जातां आलें नाहीं.

श्रोतेहो, एखाद्या मोठ्या अपघातानंतर अणुशक्तीचें भवितव्य काय, हा प्रश्न निघाला म्हणजे वाद बहुधा यंत्राविषयीं होतो. एक पक्ष म्हणतो, यंत्र मुळांतच घातक. दुसरा म्हणतो, यंत्र सुधारलें कीं काम झालें. फुकुशिमाचा इतिहास बारकाईनें पाहिला, तर प्रश्नाचें मर्म या दोहोंहून निराळ्या ठिकाणीं आहे असें माझ्या बुद्धीस वाटतें. तो इतिहासच आज आपल्यापुढें मांडावयाचा आहे.

११ मार्च २०११ रोजीं दुपारीं २ वाजून ४६ मिनिटांनीं जपानच्या पूर्वेस समुद्रतळाखालीं ९ तीव्रतेचा भूकंप झाला. फुकुशिमा दाइइची केंद्रांत सहा अणुभट्ट्या होत्या; त्यांपैकीं पहिल्या तीन त्या वेळीं चालू होत्या. भूकंपाचा धक्का बसतांच त्या आपोआप बंद पडल्या. येथपर्यंत सर्व कांहीं योजनेप्रमाणें घडलें. परंतु अणुभट्टी बंद झाली म्हणजे ती थंड झाली असें नव्हे. स्वयंपाक आटोपल्यावर चुलींतलीं लांकडें ओढून घेतलीं तरी निखारे बराच वेळ धगधगत राहतात, तसाच प्रकार येथें असतो. युरेनियमचे अणु फुटून जे नवे पदार्थ तयार झालेले असतात, ते स्वतः उष्णता सोडीत राहतात. भट्टी बंद केल्याबरोबर ही उष्णता पूर्ण शक्तीच्या सुमारें ६ टक्के असते. एका दिवसानंतर ती एक टक्क्याच्याहि खालीं येते. परंतु एवढ्या प्रचंड भट्टीच्या बाबतींत तीहि हजारों किलोवॅट भरते, आणि ती वाहून नेण्यास पाणी सतत फिरतें ठेवावें लागतें. पाणी फिरविण्यास पंप पाहिजे, आणि पंपास वीज पाहिजे. वीज निर्माण करणारें केंद्र स्वतः विजेवाचून तगत नाहीं, ही गोष्ट सामान्य माणसास ठाऊक नसते.

भूकंपानें बाहेरून येणाऱ्या विजेच्या वाहिन्या तुटल्या. डिझेलवर चालणारीं जनित्रें तत्काळ सुरूं झालीं. सुमारें पन्नास मिनिटांनीं समुद्र आला. लाटेची उंची चौदा ते पंधरा मीटर होती. पहिल्या चार भट्ट्यांच्या इमारती समुद्रसपाटीपासून दहा मीटरांवर होत्या. जनित्रें बहुतेक तळघरांत असल्यामुळें तीं बुडालीं. अंधारांत, मोटारींच्या बॅटऱ्या काढून आणून, कर्मचाऱ्यांनीं मापकें वाचण्याचा प्रयत्न केला. पुढील चार दिवसांत तीन भट्ट्यांचा गाभा वितळला. इंधनावरील झिर्कोनियम धातूच्या आवरणाची वाफेशीं प्रक्रिया होऊन हायड्रोजन वायु निर्माण झाला, आणि तीन इमारतींत स्फोट झाले. पांचवी व सहावी या भट्ट्या मात्र वांचल्या. त्या तेरा मीटर उंचीवर होत्या, आणि सहावीचें एक जनित्र हवेनें थंड होणारें व निराळ्या इमारतींत असल्यामुळें चालू राहिलें. तीन मीटर अधिक उंची व एक कोरडें जनित्र, एवढ्यावर दोन भट्ट्यांचें दैव ठरलें.

आतां प्रश्न असा कीं, ही उंची ठरविली कोणी? केंद्राच्या जागीं मुळांत सुमारें पस्तीस मीटर उंचीचा कडा होता. समुद्राचें पाणी वर चढविण्याचा खर्च वांचावा व इमारतींचा पाया खालच्या घट्ट थरावर बसावा, म्हणून तो कडा कापून दहा मीटरांवर आणण्यांत आला. त्या वेळीं धरलेली लाटेची उंची ३.१ मीटर होती. १९६० मध्यें चिलींतील भूकंपानें जपानच्या किनाऱ्यावर आलेल्या लाटेवरून ती घेतली होती. २००२ मध्यें हा अंदाज ५.७ मीटरपर्यंत वाढविण्यांत आला. त्याच वर्षीं सरकारच्या भूकंप-संशोधन मंडळानें असें मत दिलें कीं, या किनाऱ्यासमोर कोठेंहि मोठ्या लाटेचा भूकंप होऊं शकेल. २००८ मध्यें केंद्र चालविणाऱ्या कंपनीनें त्या मतावरून गणित करविलें, तेव्हां उत्तर आलें १५.७ मीटर.

या आंकड्याचें पुढें काय झालें? तो खोटा ठरला नाहीं; तो पुढील अभ्यासासाठीं अभियंत्यांच्या एका संस्थेकडे पाठविण्यांत आला. भिंत बांधली गेली नाहीं, जनित्रेंहि वर हलविलीं गेलीं नाहींत. हें गणित ज्या विभागासमोर आलें त्याचे त्या वेळचे प्रमुख मासाओ योशिदा होते. दैवाची गति अशी कीं, २०११ मध्यें तेच फुकुशिमा केंद्राचे संचालक होते. मुख्यालयानें थांबण्यास सांगितलें असतांहि त्यांनीं भट्टींत समुद्राचें पाणी सोडणें चालू ठेवलें, आणि त्या दिवसांतील त्यांच्या धैर्याची सर्वांनीं वाखाणणी केली. ज्या माणसाजवळ संकटांत एवढें धैर्य होतें, त्याच्याहि हातून शांततेच्या काळांत तो आंकडा बाजूस ठेवला गेला. म्हणून या प्रकरणांत कोणा एका दुष्टाचा शोध घेणें व्यर्थ आहे. जपानच्या संसदेनें नेमलेल्या चौकशी आयोगानें २०१२ मध्यें ही आपत्ति मानवनिर्मित असल्याचा निष्कर्ष काढला व नियंत्रण करणारे आणि ज्यांचें नियंत्रण करावयाचें ते एकमेकांचे स्नेही बनले होते, हें दाखवून दिलें. फौजदारी न्यायालयानें मात्र २०१९ मध्यें कंपनीच्या माजी अधिकाऱ्यांना निर्दोष ठरविलें, आणि सर्वोच्च न्यायालयानें २०२५ मध्यें तो निर्णय कायम ठेवला.

याच किनाऱ्यावर, उत्तरेस, ओनागावा येथें दुसऱ्या एका कंपनीचें अणुविद्युत्केंद्र आहे. भूकंपाच्या केंद्राला तें फुकुशिमाहून अधिक जवळ होतें. तेथें आलेली लाट सुमारें तेरा मीटर होती. परंतु केंद्र १४.८ मीटर उंचीवर बांधलेलें होतें. भूकंपानें जमीन सुमारें एक मीटर खचली, तरी लाट वर आली नाहीं. ही उंची योगायोगानें मिळालेली नव्हती. १९६० नंतरच्या दशकांत या केंद्राची आंखणी चालली असतां यानोसुके हिराई नांवाच्या वृद्ध अभियंत्यानें उंच जागेचा आग्रह धरला. इ. स. ८६९ मध्यें याच प्रांतावर आलेल्या महालाटेची हकीकत त्यांस ठाऊक होती. जुन्या राजवृत्तांतांत ती नोंदलेली आहे. सहकाऱ्यांना तो खर्च अवास्तव वाटला, परंतु हिराईंनीं माघार घेतली नाहीं. लाट येण्यापूर्वीं समुद्र मागें हटतो, त्या वेळींहि पंपांना पाणी मिळत राहावें, अशीहि योजना त्यांनीं करविली. १९८६ मध्यें ते वारले. आपल्या हट्टाचें फळ त्यांनीं पाहिलें नाहीं.

ओनागावा येथें सर्व कांहीं निर्वेध झालें असें मात्र नाहीं. एका इमारतींत आग लागली, दुसऱ्या भट्टीच्या तळघरांत पाणी शिरलें, आणि बाहेरील विजेच्या पांच वाहिन्यांपैकीं एकच टिकली. तरीहि तिन्ही भट्ट्या सुखरूप थंड झाल्या. आणि ज्यांचीं घरें लाटेनें नेलीं त्या गांवांतील तीनशेंहून अधिक माणसांनीं त्या दिवसांत आसरा घेतला तो याच अणुकेंद्राच्या व्यायामशाळेंत. एकाच दुपारीं, एकाच समुद्राच्या कांठीं, एका केंद्रापासून लोक पळत होते व दुसऱ्याच्या आश्रयास येत होते.

फुकुशिमाची मनुष्यहानि मोजतांनाहि सावधपणें बोलावें लागतें. भूकंपानें व लाटेनें सुमारें अठरा हजार माणसें मेलीं अथवा बेपत्ता झालीं. ती हानि अणुभट्टीच्या माथीं मारणें अन्यायाचें होईल. किरणोत्सर्गानें तेथील रहिवाशांच्या प्रकृतीवर प्रत्यक्ष अनिष्ट परिणाम झाल्याचें संयुक्त राष्ट्रांच्या शास्त्रीय समितीस आढळलें नाहीं. एका कामगाराचा कर्करोगानें झालेला मृत्यु मात्र जपान सरकारनें २०१८ मध्यें या कामाशीं संबद्ध मानला. मग हानि कशानें झाली? ती स्थलांतरानें झाली. दीड लाखाहून अधिक लोकांना घरें सोडावीं लागलीं. अंथरुणास खिळलेल्या वृद्ध रोग्यांना बसगाड्यांतून तासन् तास नेण्यांत आलें व त्यांतील कित्येकजण वाटेंत किंवा थोड्याच दिवसांत दगावले. फुकुशिमा प्रांतांत लाटेनें नव्हे, तर विस्थापनाच्या हालअपेष्टांनीं मरण पावलेल्यांची अधिकृत संख्या २,३०० हून अधिक आहे. धोका किती आहे हें विश्वासानें सांगणारा कोणी उरला नाहीं, म्हणजे भीति स्वतःच मारूं लागते.

जगानें यांतून निरनिराळे निष्कर्ष काढले. जर्मनीनें सतरांपैकीं आठ भट्ट्या लगेच बंद केल्या व शेवटच्या तीन १५ एप्रिल २०२३ रोजीं बंद केल्या. इटलीच्या मतदारांनीं १९८७ मध्यें चेर्नोबिलनंतर, आणि पुनः २०११ मध्यें, अणुशक्तीस नकार दिला. चीननें थोडा काळ थांबून बांधकाम पुढें चालू ठेवलें. खुद्द जपानमध्यें सप्टेंबर २०१३ पासून ऑगस्ट २०१५ पर्यंत एकहि अणुभट्टी चालू नव्हती. ती तूट परदेशांतून आणलेल्या वायूनें व कोळशानें भरून काढावी लागली. कोळशाच्या धुरानें होणारे मृत्यु एका दिवशीं, एका ठिकाणीं होत नाहींत, म्हणून ते वृत्तपत्रांत येत नाहींत. परंतु ते होतात. अणुशक्तीचा त्याग हाहि विनामूल्य नाहीं, हें त्या दोन वर्षांनीं शिकविलें. २०२५ मध्यें जपान सरकारनें २०४० पर्यंत सुमारें २० टक्के वीज अणूपासून घेण्याचें धोरण जाहीर केलें. ओनागावाची दुसरी भट्टी ऑक्टोबर २०२४ मध्यें पुनः सुरूं झाली, परंतु समुद्रसपाटीपासून २९ मीटर उंच भिंत उभारल्यावर. सुखरूप राहिलेल्या केंद्रासहि विश्वास परत मिळविण्यास तेरा वर्षें लागलीं. आणि फुकुशिमाच्या वितळलेल्या भट्ट्यांत सुमारें ८८० टन इंधनाचा राडा पडलेला आहे; त्यांतील पहिला नमुना नोव्हेंबर २०२४ मध्यें बाहेर काढला, तो एका ग्रॅमहूनहि कमी भरला.

ही हकीकत आपणांस दूरची वाटूं नये. फुकुशिमाची पहिली भट्टी ज्या जातीची, त्याच जातीच्या दोन भट्ट्या आपल्या तारापूरच्या किनाऱ्यावर १९६९ पासून वीज देऊं लागल्या. त्यांचा आराखडाहि त्याच अमेरिकन कंपनीचा होता. उत्तर प्रदेशांत नरोरा येथें ३१ मार्च १९९३ रोजीं पहाटे टर्बाइनचीं पातीं तुटून आग लागली, आणि मुख्य व राखीव विजेच्या तारा एकत्रच टाकलेल्या असल्यामुळें दोन्ही जळाल्या. सुमारें सतरा तास केंद्र विजेवाचून होतें. कर्मचाऱ्यांनीं विजेऱ्यांच्या उजेडांत काम करून, आग विझविण्याच्या पंपांनीं पाणी देऊन, अनर्थ टाळला. तारा वेगळ्या ठेवाव्या हा धडा अमेरिकेंतील ब्राउन्स फेरी येथील आगीनें १९७५ मध्येंच जगास दिला होता. पुढें फुकुशिमानंतर अवघ्या महिन्याभरांत जैतापूरच्या नियोजित केंद्राविरुद्ध आंदोलन पेटलें, व एप्रिल २०११ मध्यें पोलिसांच्या गोळीबारांत एका आंदोलकाचा बळी गेला. केंद्राची जागा सड्यावर उंच आहे, असें उत्तर लोकांना देण्यांत आलें. तें उत्तर खरें आहे; परंतु कोंकणच्या माणसाचा प्रश्न केवळ उंचीचा नव्हता. उद्यां गैरसोयीचा आंकडा निघाला, तर तो आम्हांस कोण सांगणार, असा त्याचा प्रश्न होता.

अणुशक्ति घ्यावी कीं न घ्यावी, याविषयीं सुजाण माणसांत मतभेद राहतील व राहावेत. परंतु ज्या देशांत १५.७ सारखा आंकडा कपाटांत पडूं शकतो आणि ज्या देशांत एखाद्या हिराईचा हट्ट ऐकला जातो, ते दोन देश पुष्कळदां एकच असतात. जपानमध्यें तसेंच होतें. म्हणून नवीन भट्टी मागणाऱ्यांनीं व तिला विरोध करणाऱ्यांनींहि प्रथम मागावयाचा तो असा नियामक, कीं ज्याला भट्टी बंद करण्याचा अधिकार आहे, ज्याची नेमणूक चालकांच्या मर्जीवर नाहीं, आणि ज्याचीं कागदपत्रें गांवच्या शाळामास्तरालाहि वाचतां येतात.

फुताबाची कमान २०१५ च्या अखेरीस उतरविण्यांत आली. ती जुनी होऊन धोक्याची झाली आहे, असें कारण सांगण्यांत आलें. तिला विरोध करणाऱ्यांत तो घोषवाक्य लिहिणारा मुलगाहि होता. आतां तो प्रौढ होता व गांव सोडून गेलेला होता. आपलें वाक्य चुकलें हें तो उघड सांगत होता, आणि म्हणूनच तें पुढच्या पिढ्यांच्या डोळ्यांसमोर राहावें, असें त्याचें म्हणणें होतें. कमानीवरचीं तीं अक्षरें पुढें गांवांतील स्मारक-संग्रहालयांत ठेवण्यांत आलीं. मोठमोठ्या मंडळांना जें जमलें नाहीं, तें बालपणींच्या एका वाक्याची जबाबदारी घेणाऱ्या त्या माणसास जमलें.