वली, बृहत् (सौसर पट्टा)

आडव्या साचलेल्या थरांवर बाजूंनी दाब येऊन ते कित्येक किलोमीटर रुंदीच्या घड्यांत वाकले, की त्या घड्यांना बृहत् वली म्हणतात. वर उचललेली घडी ती अपनती, खाली खचलेली ती अभिनती. महाराष्ट्रात त्या नागपूर-भंडाऱ्याकडच्या सौसर पट्ट्यात शोधाव्यात. माण खोऱ्यातल्या म्हसवडला शोधून उपयोग नाही. या खोऱ्यात आणि शंभूमहादेवाच्या डोंगररांगेत सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे थर जवळजवळ आडवेच आहेत. सह्याद्रीही घडीचा पर्वत नव्हे. त्याच्या पोटात काय आहे ते कोयना भागात गोठणे येथील वेधनछिद्राने दाखवले: सव्वा किलोमीटर बेसॉल्ट संपल्यावर ग्रॅनाइट आणि पट्टिताश्म लागले.

दगड वाकतो कसा, हा प्रश्न साहजिक आहे. जमिनीवर तो फुटेल. पण वीसएक किलोमीटर खोल, 600 अंश सेल्सिअसच्या आसपास, लाखो वर्षे दाब राहिला तर त्यातील खनिजकण सरकतात, नव्याने स्फटिकतात आणि घन खडक अतिसावकाश वाहतो. सगळे थर मात्र सारखे वाहत नाहीत. क्वॉर्टझाइट ताठर, अभ्रकी सुभाजा मऊ. वलीचा आकार या फरकावर ठरतो. जाड घोंगडे आणि पातळ धोतर एकावर एक अंथरून लोटले तर घोंगड्याला मोजक्या मोठ्या वळ्या पडतात, धोतराला बारीक चुण्या. गणित सांगते की ताठर थर दुप्पट जाड असेल तर वलीची रुंदीही दुप्पट होते. ताठरपणातला फरक मात्र आठपट झाला तरच रुंदी दुप्पट होते. म्हणजे जाडीचा हात मोठा. कित्येक ताठर थर एकत्र, एका जाड थरासारखे वाकले, की वली किलोमीटरांत मोजावी लागते.

सौसर पट्टा छिंदवाडा, नागपूर, भंडारा आणि बालाघाट जिल्ह्यांतून सुमारे 200 किलोमीटर कमानीसारखा पसरला आहे. बुंदेलखंड आणि बस्तर हे प्राचीन भूखंड एकमेकांकडे सरकताना मधला गाळ चेपला गेला, असे सामान्यतः मानतात. मुख्य उलथापालथ सुमारे 100 कोटी वर्षांपूर्वीची. दाब एकदाच आला नाही, त्यामुळे आधीच्या घड्यांवर पुन्हा घड्या पडल्या. घडी फार आवळली की आडवी पडते, तळाशी तुटते आणि वरचा भाग चादरीसारखा दूर सरकतो. अशा चादरीला नाप म्हणतात. देवलापार भागात ती असल्याचे भूवैज्ञानिक डब्ल्यू. डी. वेस्ट यांनी 1936 मध्ये मांडले.

वलींचे माथे झिजून गेल्यामुळे त्या डोळ्यांनी दिसत नाहीत. नकाशावर एखादा संगमरवराचा पट्टा नालासारखा वळलेला सापडतो, तेव्हा तिथे घडीचा बाक असल्याचे कळते. बारीक घड्या इथे मदतीला येतात. हातात मावणाऱ्या दगडातील घडी मोठ्या घडीच्या अक्षाचीच दिशा धरते, हा भूवैज्ञानिक पम्पेली यांचा 1894 मधील नियम. भुजांवर, म्हणजे घडीच्या दोन्ही बाजूंवर, या चुण्या एका बाजूला कललेल्या, तर बाकावर सममित असतात. मनसरसारख्या ठिकाणच्या गोंडाइटात, म्हणजे गारगोटी आणि मँगनीजयुक्त गार्नेटच्या खडकात, अशा चुण्या पाहण्यासारख्या असतात.

हे सारे पोटापाण्याशी जोडलेले आहे. 1962 साली स्थापन झालेल्या नागपूरच्या मॉइल या मँगनीज कंपनीच्या कांद्री, चिखला, गुमगाव या खाणी याच वलित मँगनीज थरांवर आहेत. आवळलेल्या घडीच्या दोन्ही भुजा एकाच दिशेला कलतात. वेधनछिद्र मग एकाच थराला दोनदा छेदते, दुसऱ्यांदा शेजारचे खडक उलट्या क्रमाने लागतात. हा क्रम न तपासता हिशेब केला तर एका थराचे दोन होतात. बाकाजवळ धातुक जाड होते, भुजांवर ताणून पातळ. त्यामुळे बाक कोणत्या दिशेने खाली उतरतो, हे शोधणे भूवैज्ञानिकाचे पहिले काम असते, आणि माझ्या मते सर्वांत अवघडही.

म्हसवडकरांना सौसर पट्ट्यापेक्षा कर्नाटकातले कलादगी खोरे जवळ पडते. तिथे खालचा बागलकोट गट वाकलेला, तर त्यावर बदामी गटाचे वालुकाश्म जवळजवळ आडवे आहेत. म्हणजे घड्या बदामीचा वाळूचा थर साचण्याआधीच्या. गोव्यातील लोहखनिजाचे पट्टेही वलितच आहेत, मात्र कलादगीहून कितीतरी जुने.