एल्सिनोरच्या भिंती

‘हॅम्लेट’वर लिहिणाऱ्यांनी राजपुत्राच्या मनाचा इतका कीस काढला, की तो बोलतो तेव्हा उभा कुठे असतो, हे विचारायचं राहूनच गेलं. आपल्याकडेही आगरकरांच्या ‘विकारविलसित’ (१८८३) या ‘हॅम्लेट’च्या मराठी रूपांतरातल्या गणपतराव जोशींच्या भूमिकेचं कौतुक भरपूर झालं, त्यांच्या मागे कोणता पडदा सोडला होता, याची चौकशी फारशी कुणी केली नाही. नेपथ्याच्या अभ्यासात येणाऱ्याने अशीच चौकशी करत यावं. सुतारकामाची जाण नसली तरी अडत नाही, नाटक मात्र नीट वाचलेलं हवं.

शेक्सपिअरच्या ग्लोबमध्ये खेळ दिवसाउजेडी होत. पहिल्या प्रवेशातली मध्यरात्र आणि थंडी पहारेकऱ्यांच्या बोलण्यातूनच उभी राही. एकोणिसाव्या शतकातल्या लंडनने ती रात्र रंगवून दाखवली. देखावे बदलण्यात वेळ जाऊ लागला आणि कात्री लागली ती संहितेला. हा सौदा मला तरी महागच वाटतो.

मॉस्को आर्ट थिएटरच्या १९१२च्या प्रयोगात गॉर्डन क्रेगने नाटकातला एल्सिनोरचा किल्ला काढूनच टाकला आणि उंच, सरकते पडदेवजा फलक उभे केले. दरबाराच्या प्रवेशात राजा-राणी उंचावर बसलेले, त्यांच्या खांद्यांवरून उतरलेला एकच अवाढव्य सोनेरी झगा आणि त्यातून वर आलेली दरबाऱ्यांची डोकी. हॅम्लेट पुढे, काळोखात, एकटा. दरबार त्याला जसा दिसतो तसाच प्रेक्षकांपुढे मांडलेला.

१९७१मध्ये मॉस्कोच्याच तागांका थिएटरात दिग्दर्शक ल्युबिमोव्हच्या प्रयोगासाठी नेपथ्यकार डेव्हिड बोरोव्स्कीने तर एका पडद्यावर भागवलं. जाड लोकरीचा, वरच्या यंत्रणेवर रंगमंचभर फिरणारा. पोलोनियस पडद्याआड लपून मरतो, हे नाटकातच आहे. बोरोव्स्कीने तेवढाच धागा धरला आणि सगळा एल्सिनोर पडद्याआड नेला. इथे कुणीही कुणाचंही ऐकत असेल. रंगमंचाच्या पुढच्या कडेला खरी माती टाकलेली कबर होती. व्लादिमीर व्हिसोत्स्कीचा हॅम्लेट या दोहोंमध्ये वावरायचा आणि पडदा चालून आला की पात्रांना वाट सोडावी लागायची.

छायाचित्रात हा पडदा नुसता लोंबताना दिसतो. म्हणून फोटोवर विसंबू नका. रंगमंचाचा आराखडा मिळवा, प्रयोगाची वही शोधा आणि पडदा कुठल्या वाक्याला हलतो, ते संहितेच्या समासात लिहून ठेवा.